पहिल्या हाळीला ओ नाही

पासली, ता. वेल्हे
८ मार्च २०२५

चि. अमृत,

आक्काचा आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस आणि फाडूही नकोस. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा तू कुणाला दिलेला नाहीस. शिवरे गावच्या लग्नात सोनबाकाकांना तेवढा गुजरातेतला, हालोलचा पत्ता दिलास, तोही त्यांनी तीनदा मागितल्यावर. काय करणार, मग पत्रच लिहायला बसले.

आबा आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझे हातपाय गळायचे नाहीत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते भातरोपांच्या राबाच्या भाजणीसाठी फांद्यांचा कवळ तोडायला डोंगरातल्या वरच्या टेपावर गेले होते. बहात्तराव्या वर्षी झाडावर चढू नका म्हणून मी कानीकपाळी ओरडले होते, पण त्यांनी कधी कुणाचं ऐकलंय? झाडावरून पडले नाहीत. खाली फांद्यांची मोळी बांधताना बसले ते बसलेच. लकवा. चार वाजता सोनबाकाका म्हशी वळवायला गेले तेव्हा त्यांना दिसले. टेम्पोत घालून पुण्याला नेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडा थोडा परत येतोय. डॉक्टर म्हणाले, अजून लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या दुपारी घरीच होते, पण कुणाला काही कळलंच नाही.

बोलणं गेलंय. त्यांना सगळं कळतं, डोळ्यांत दिसतं. पण तोंडातून फक्त 'न्हाई' येतं. भूक लागली तरी 'न्हाई', पाणी हवं असलं तरी 'न्हाई'. तुझे दाजी म्हणाले, "मामांचा आयुष्यभराचा शब्द तेवढा शाबूत राह्यला बग." मला हसू आलं, आणि मग मी चुलीपुढे बसून खूप रडले.

त्यांना आम्ही आमच्या घरी आणलंय. माझं घर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी येताना त्यांनी दाराची चौकट डाव्या हाताने धरून ठेवली होती. तुझा पॉवर टिलर अजून पत्र्याखाली आहे. आबांनी त्याला हात लावलेला नाही. कोंबड्या त्याच्यावर अंडी घालतात.

तू ये असं मी म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी काय झालं ते मीही बघितलंय, आणि तेव्हा मी मधे पडले नाही, म्हणून आता बोलायला मला तोंड नाही. पण एक ओळ लिही. मिळालं एवढंच लिही.

आक्का

---

पासली
२६ मार्च २०२५

चि. अमृत,

पोस्टमन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी अंगणवाडीतून पळत आले. एकदा विजेचं बिल होतं आणि एकदा तो नुसता पाणी प्यायला थांबला होता.

आबांना घेऊन आम्ही आता दर मंगळवारी भोरला जातो. वेल्ह्याची एसटी, नसरापूरला गाडी बदलायची, मग भोर. पाय ओढत आबा गाडीत चढतात तेव्हा कंडक्टर घाई करत नाही, चांगला माणूस आहे. भोरला शुभ्रा मॅडम म्हणून आहेत, बोलणं गेलेल्या माणसांना परत बोलायला शिकवतात. वयाने माझ्याहून लहान, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. नंतर गाडी हळू होत जाते." तेव्हापासून मी दिवस मोजते. सकाळी उठल्यावर आधी कॅलेंडर बघते, मग आबांची छाती हलते का ते बघते. खरं तर उलटं करायला हवं.

मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली, ती तुलाही सांगते, कारण माझ्या डोक्यातून ती जात नाही. म्हणाल्या, शब्दातली सगळी अक्षरं आपण सारख्या जोराने बोलत नाही. एखादं अक्षर वजन घेतं, बाकीची त्याच्या आधाराने निघून जातात. मला आधी पटेना. मग त्यांनी माझा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणा, भाकरी. आणि जिथे जोर येतो तिथे हात जोरात आपटा." भा जोरात, मग क, री हलके. त्यांनी कागदावर एक लांब रेघ ओढली आणि पुढे दोन आखूड. माझी पंधरा वर्षं अंगणवाडीत गेली, अमृत, आणि माझ्या समोर रोज ते होत होतं. लेकरं 'बटाटा'ला 'टाटा' म्हणतात, 'चमचा'ला 'चम्म'. जड तेवढं उचलतात, हलकं खाली टाकून देतात. मला वाटायचं नीट ऐकत नाहीत. उलट तीच नीट ऐकत होती.

आबांचं डोकं जिथे दुखावलंय तिथून बोलणं निघतं, पण गाणं आणि ठेका दुसरीकडून निघतो, असं मॅडम म्हणतात. म्हणून त्यांचा डावा हात धरून टेबलावर ठेका द्यायचा आणि शब्द जरा गायल्यासारखा ओढायचा. पाऽणी. भाऽकरी. आबांनी हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. बोलता आलं असतं तर म्हणाले असते, म्या काय तमाशात हाये व्हय?

घरी मी रोज पाटावर ठेका देते. दुसरीकडे तोंड करतात. बोलण्यासाठी बोलणं त्यांना कधी जमलंच नाही, आता तर मुळीच नाही. मी चिडते, मग मलाच लाज वाटते. भर दुपारी कुणी कुणाला लांबून बोलावलं की मी हातातलं काम टाकून दारात येते. का ते विचारू नकोस.

तुला पहिलं पत्र मिळालं का? की सोनबाकाकांनी पत्ताच चुकीचा लिहून घेतला?

आक्का

---

पासली
१६ एप्रिल २०२५

अमृत,

आबा बोलले.

रामनवमीच्या सकाळी आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पलीकडच्या वस्तीवरून सोनबाकाका त्यांच्या सुनेला, साळूबाईला, हाळी देत होते. तुला ती माहीतच आहे, ओढ्याच्या या काठाची माणसं त्या काठाला ऐकू जावीत अशी, "साळूऽऽऽ". आबांची मान वर झाली. डावा हात मांडीवर पडला, आधी हलका, मग जोरात. आणि गळ्यातून आवाज निघाला, आधी फाटका, मग पहिल्यासारखा: "मान्याऽऽऽ!"

चाळीस दिवसांनी पहिला शब्द. तो तुझा नाही, माझा नाही, गेलेल्या आईचाही नाही. बैलाचा. हे तुला लिहू की नको यात दहा दिवस गेले. तू विकलेल्या जोडीतला उजवीकडचा मान्या. आबा आत्याकडे गुंजवण्याला जत्रेला गेले, तीन दिवसांनी आले, आणि रिकाम्या गोठ्यापुढे उभं राहून त्यांनी अशीच हाळी दिली होती. तेव्हा तू जोडी विकून आणलेला टिलर दाखवायला पुढे झालास, आणि ते सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला ल्योक न्हाई." सकाळच्या एसटीने तू गेलास. मी काय केलं? मी तुझा डबा भरून दिला. टिलरचा विचार तुझा बरोबर होता, पण विकायच्या आधी विचारायला हवं होतंस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हा एकही बोलले नाही.

असो. पुढच्या मंगळवारी शुभ्रा मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हाळी म्हणजे नेमकं काय? करून दाखवा." भोर शहरात वाढलेल्या, त्यांना कुठून माहीत असणार! मी दार लावून घेतलं आणि दिली. बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली, शिपाई धावत आला. आबांच्या तोंडावर चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसू बघितलं.

मी मॅडमना समजावलं. घरात आपण 'अम्रुत' म्हणतो तेव्हा वजन पहिल्या 'अ'वर असतं. ओढ्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही, वारा पहिलं अक्षर खाऊन टाकतो. म्हणून हाळीत सगळं वजन शेवटाला न्यायचं आणि तिथे ओढायचं. पलीकडच्याला शब्द कळला नाही तरी ओढ कळते, आणि ओढीवरून माणूस कळतो. मॅडम ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "काका, मी जे शिकवायला धडपडते आहे ते तुम्ही साठ वर्षं करत आलात. आता हाळीनेच शिकू." आबा 'न्हाई' म्हणाले, पण हात काढून घेतला नाही.

तेव्हापासून पाणीऽऽऽ, भाकरीऽऽऽ, चायऽऽऽ. अख्ख्या वस्तीला कळतं की आबांना, त्यांच्या गेनबाला, चहा हवाय. मग हळूहळू ओढ कमी करायची, वजन पुन्हा घरच्या जागी आणायचं. कालपासून 'पाणी' साधं म्हणता येतं. 'चाय' सुद्धा.

आता मुख्य गोष्ट लिहिते. परवा त्यांनी काठी घेतली, अंगणाच्या कडेला गेले, टेपाकडे तोंड केलं आणि हाळी दिली, "अम्रूऽऽऽत!" एकदाच. मग कान देऊन उभे राहिले. मी दारात, दाजी गोठ्यात, कुणी हललं नाही. पलीकडून सोनबाकाकांना दया आली, त्यांनीच तुझ्या ऐवजी "ओऽऽऽ" दिली. आबांनी हातातला तांब्या फेकला. ओ कुणाची आहे ते त्यांना कळतं रे. त्यांचे कान काही गेलेले नाहीत.

काल पुन्हा तेच. एकच हाळी, आणि वाट बघणं. दुसरी देत नाहीत. पत्राच्या पाठीवर मी फोन नंबर लिहिलाय. मोबाईल त्यांच्या कानाला लावीन, तू नुसती ओ दे. बोलू नकोस काही.

आक्का

---

पासली
४ मे २०२५

अमृत,

त्यांनी बोलणं बंद केलंय. नऊ दिवस झाले. पाणी नाही, चाय नाही. 'न्हाई' सुद्धा नाही. पाटावर ठेका दिला की डोळे मिटून घेतात. मॅडमनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "हाळीला ओ आलीच नाही तर माणूस बोलेल कशाला? आपल्याकडे वेळ फार नाही, सुलक्षणाताई." सोनबाकाका काल येऊन बसले होते. जाताना म्हणाले, "पोरी, गेनबानं तोंड मिटलं ना, मग खानं बी मिटंल. म्या बघितल्यात अशी मानसं."

त्यातून मॅडमनी सहज विचारलं, "त्या दिवशी वर टेपावर त्यांनी कुणाला हाक मारली होती का?" मी म्हणाले, नाही.

हे तिसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्यांदा डॉक्टरांशी, दुसऱ्यांदा तुला पत्रात. आता लिहूनच टाकते, नाहीतर माझंही तोंड मिटेल.

मी ऐकलं होतं. सव्वाबारा वाजले असतील. अंगणवाडीतून येऊन मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. वरून हाळी आली. पण तुला माहीत आहे ना मला आबांची हाळी कशी येते? "सुलेऽऽऽ", शेवट डोंगर चढून जातो. ती तशी नव्हती. ती "सूऽऽऽले" अशी आली, वजन सगळं पहिल्या अक्षरावर आणि शेवट तुटलेला. आवाज आबांसारखा, पण आबा नव्हेत. आबांनी चाळीस वर्षांत माझ्या नावाचं वजन कधी चुकीच्या जागी टाकलेलं नाही. भर दुपार. आणि आपल्याला लहानपणी हे कुणी शिकवलं? आबांनीच. पयल्या हाळीला ओ द्यायची न्हाई. माणूस आसंल तर दुसऱ्यांदा बोलावतो. त्ये आसंल तर येकदाच बोलावतं, आन ओ दिली की घिऊन जातं.

मी दुसऱ्या हाळीची वाट बघितली. आली नाही. तेव्हा मी काय केलं सांगू? अंगणवाडीत बायकांना अंगारेधुपारे करू नका म्हणून सांगणारी मी, उठले, स्वतःवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा बरं वाटलं. मग जेवले. वर आबा फांद्यांत पडले होते, त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, म्हणून माझ्या नावाचा शेवट त्यांना ओढता आला नाही. चार वाजेपर्यंत.

दुसरी हाळी द्यायला त्यांना आवाजच उरला नव्हता, अमृत.

अजून एक सांगते, ते याहून वाईट आहे. वस्तीत सगळे म्हणतात, ल्योक जवळ आसता तर म्हाताऱ्याकडं कुनीतरी बघितलं आसतं. मी ऐकून घेते आणि गप्प बसते. मला बरं वाटतं ते ऐकून. तुझ्या नावावर माझा दोष खपतो. माझी चूक झाकायला तू उपयोगी पडलास, आणि तुझी ओ मागायलाही मीच तुझ्या दारात.

हे वाचून तू पत्रं फाडलीस तर मी काही म्हणणार नाही. पण त्यांच्यासाठी ओ दे. माझ्यासाठी नको.

सुली

---

पासली
१५ मे २०२५

अमृत,

घाईत लिहिते, पोस्टमन अंगणात बसलाय, त्याला चहा दिलाय म्हणून तो थांबलाय.

काल दुपारी मी भाकऱ्या थापत होते. दाजी शेतावर. आबा ओट्यावर, नेहमीसारखे गप्प. आणि हाळी आली, "सुलेऽऽऽ!" शेवट बरोबर, वजन बरोबर, डोंगर चढून जाणारी. मी पिठाचे हात तसेच घेऊन "ओऽऽऽ" करत धावले. ओट्याच्या पायरीवर ठेचकाळले, अंगठ्याचं नख निघालं, तव्यावरची भाकरी करपली. मला वाटलं पडले, वाटलं परत झटका आला. आबा जागच्या जागी बसले होते. काठी हातातून निसटून खाली गेली होती, ती हवी होती, बस.

आणि माझ्याकडे रागाने बघत होते. डावा हात मांडीवर आपटायला लागले. तोंड हललं, ओठ दोनतीनदा जुळले आणि सुटले. मग एकेक शब्द, प्रत्येकाला हाताचा ठेका:

"पयल्या... हाळीला... ओ... न्हाई... गं."

अडीच महिन्यांत पहिलं सलग वाक्य, आणि ते मला रागावण्यासाठी! मी त्यांच्या पायाशी बसले आणि मोठ्याने रडले. मग सगळं सांगितलं. ती दुपार, तुटलेला आवाज, मीठमोहऱ्या, सगळं. तुला लिहिलं तसंच. ते ऐकत राहिले, मधे एकदाही 'न्हाई' म्हणाले नाहीत. मी संपवलं तेव्हा त्यांनी माझं पिठाचं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने ठेका दिला. एक हलका, एक जड. माझं नाव. मग काठीकडे बोट दाखवलं, आणि मी ती उचलून दिली.

शुभ्रा मॅडमना मोबाईलवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ओ मिळाली ना, आता थांबायचं नाही. आज सकाळी 'पाणी', 'चाय' आणि 'मीठ कमी' असं झालं. तिसरं ऐकून दाजी म्हणाले, मामा आता पुरते बरे झाले.

मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा ते शेजारी येऊन बसले. कुणाला लिहितेय ते विचारलं नाही. मी सांगितलं, अमृतला हे पाचवं पत्र आहे, तुमी त्याला पक्कं शिकवलंय, पयल्या हाळीला ओ द्येत न्हाई. ते हसले नाहीत. माझ्या हातातलं पेन घेतलं. डाव्या हातात नीट धरता येत नव्हतं, मुठीत धरलं.

खाली ज्या रेघा आहेत त्या मी ओढलेल्या नाहीत. एक आखूड आणि एक लांब, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, ती तू आहेस. मी पेन परत मागितलं, तर त्यांनी दिलं नाही. थोडा वेळ थांबले, आणि खालच्या ओळीत पुन्हा एकदा ओढल्या.

दोनदा आहेत, अमृत. मोजून बघ.

– ————————————

– ————————————